कालकथित

आईच्या तोंडून 'नमो तस्स' एवढंच निघालं होतं.

बाबांची चिता रचून झाली होती. आई त्यांच्या पायांकडे उभी होती. पांढरी साडी, हात जोडलेले, डोळे मिटलेले. पंडितजी मंत्र म्हणता म्हणता थांबले. म्हणाले, "माताजी, बीच में मत बोलिए. एक तो औरतें यहाँ आती नहीं हैं."

आईने ऐकलं नसावं. किंवा ऐकूनच पुन्हा सुरुवात केली असेल.

माझ्या ऑफिसचे साहेब शेजारी उभे होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात मराठीत म्हणाले, "आईंना सांग जरा. घरी जाऊन म्हणा म्हणावं, काय ते."

मी गेलो. आईच्या कानाशी वाकलो.

"आई, नंतर."

तिने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. तोंड मिटून घेतलं. पंडितजींचे मंत्र पुन्हा सुरू झाले.

आईचा अपमान पंडितजींनी केला, साहेबांनी केला, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. ते दोघं नुसते बोलले. आईचं तोंड मी बंद केलं. तिच्या नवऱ्याच्या चितेपाशी.

आम्ही रायपूरला गुढियारीत राहतो. बाबा भंडाऱ्याकडचे. रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि रायपूरचेच झाले. घरापासून दोन गल्ल्या सोडून टिनाच्या छताची एक खोली आहे, तेच आमच्या पाऱ्याचं, म्हणजे मोहल्ल्याचं, विहार. दर रविवारी बाबा तिथे वंदना घ्यायचे. ते कारखान्यात हिंदी बोलत, बाजारात छत्तीसगढी, घरात आमची मराठी. पण काही शब्द त्यांच्याकडे असे होते की ते ना कारखान्यात चालायचे ना बाजारात. ते त्यांनी सांभाळून ठेवले होते. कुणी घरून निघालं की 'मंगल हो'. लग्नाच्या पत्रिकेवर 'मंगल परिणय'. तेरवी नाही, पुण्यानुमोदन. आणि गेलेल्या माणसाच्या नावाआधी स्वर्गीय नाही, कालकथित.

लहानपणी मी एकदा म्हणालो होतो, आजी देवाघरी गेली. शेजारच्या काकूंच्या तोंडून ऐकलेलं. बाबा जेवत होते. हातातला घास त्यांनी ताटात ठेवला. रागावले नाहीत.

"कोणत्या देवाच्या घरी, बापू? जित्तेपणी त्यानं आपल्याले दारात उभं नाही केलं. मेल्यावर घरात घेईन काय?"

मग त्यांनी मला कालकथित सांगितलं. काळाच्या हवाली झालेला. वर स्वर्ग नाही, खाली नरक नाही. माणूस होता, त्यानं अमुक केलं, आता नाही. एवढंच म्हणायचं. खोटं काही जोडायचं नाही.

मी शिकलो. नवा रायपूरला एका खाजगी कंपनीत लागलो. तिथे साहेब भेटले. साहेब चौबे कॉलनीतले, त्यांचं घराणं मराठ्यांच्या राज्यापासून इथलं. ऑफिसात सगळं हिंदीत चालायचं. मुलाखतीत मी मराठी बोललो आणि त्यांचा चेहराच बदलला. म्हणाले, "वा. आपला माणूस."

माझ्या आडनावावरून काही कळत नाही. मीही कळू दिलं नाही. त्या 'आपला'मध्ये मी निमूट जाऊन बसलो. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. साहेब डब्यातली पुरणपोळी द्यायचे. सणावाराला घरी बोलवायचे. त्यांच्या दिवाणखान्यात बुद्धाचं काळ्या दगडाचं डोकं होतं, त्याच्यावरून बारीक पाणी वाहायचं. साहेब ध्यानाच्या शिबिराला जाऊन आले होते. तिथले शब्द आम्हाला चहाच्या वेळी शिकवायचे. मैत्री. करुणा. एकदा मला म्हणाले, "अनित्य माहीत असेल तुला. पालीत त्याला अनिच्च म्हणतात. ऐकलंयस कधी?"

मी म्हणालो, "नाही, साहेब."

तो शब्द मी बाबांच्या मांडीवर बसून ऐकला होता. अक्षरओळख व्हायच्या आधी.

एकदा त्यांच्या गाडीतून येत होतो. रस्त्यात जयंतीची मिरवणूक लागली. निळे झेंडे, जय भीमच्या घोषणा, पोट्टे नाचत होते. साहेबांनी काच वर केली. म्हणाले, या लोकांनी बुद्धाला कुठल्या कुठे नेऊन ठेवला. मी मान हलवली. त्या मिरवणुकीत आमच्या विहारातली माणसंही असणार. मी सीटवर जरा खाली सरकलो.

असा मी चाललो होतो. मग बाबा गेले.

सकाळी चहा घेतला, भिंतीला टेकले आणि पुन्हा बोललेच नाहीत. आई म्हणाली, विहारातल्या काकांले सांगून ये. काका म्हणजे बाबांचे कारखान्यातले सोबती. आमच्या पाऱ्यात कुणाचंही सुखदुःख असलं की विधी तेच करतात. मी हो म्हणालो, पण आधी साहेबांना फोन केला. रजेसाठी, असं मी तेव्हा मनाशी म्हटलं. साहेबांचा आवाज भरून आला. म्हणाले, "तू काही बघू नकोस. गाडी, लाकूड, पंडितजी, सगळं मी करतो. ऑफिसचे सगळे येतील."

तिथेच सांगता आलं असतं. साहेब, पंडितजी नकोत. तीन शब्दांचं काम होतं. मी म्हणालो, "थँक्यू, सर."

फोन ठेवला आणि माझी नजर भिंतीवर गेली. दोन फोटो. एक बुद्धाचा. दुसरा निळ्या कोटातला, हातात पुस्तक. मी स्टूल घेतलं, निळ्या कोटातला फोटो काढला आणि पलंगाखाली सरकवला. बुद्धाचा राहू दिला. बुद्ध चालतो. बुद्ध साहेबांच्याही घरी आहे.

खाली उतरलो तेव्हा आई माझ्याकडे पाहत होती. बाबांचं डोकं तिच्या मांडीवर होतं. मी चप्पल घातली आणि काकांना सांगायला गेलो.

विहारातली माणसं पांढऱ्या कपड्यांत आली. मेणबत्त्या आणल्या होत्या. तेवढ्यात साहेबांची गाडी आली, मागून पंडितजी, मागून ऑफिस. गल्ली भरून गेली. काकांनी पंडितजींकडे पाहिलं, मग मला बाजूला घेतलं.

"बापू, कसं करायचं?"

मी चपलांकडे पाहत होतो. साहेब पुढे आले आणि हिंदीत म्हणाले की वेळ कमी आहे, मुहूर्त टळेल, आपण सुरू करू. काका अजून माझ्याकडेच बघत होते. मग ते मागे सरले. त्यांच्यासोबत सगळे पांढरे कपडे मागे सरले.

'राम नाम सत्य है' म्हणत बाबांना आमच्या गल्लीतून नेलं. ऑफिसची माणसं म्हणत होती. खांद्यावर तिरडी घेऊन मी पुढे होतो. शेजारीपाजारी दारात उभे होते. हे कोणाचं घर आहे, इथे काय म्हणतात, सगळ्यांना ठाऊक होतं. आमची माणसं मागून येत होती. त्यांच्या तोंडून एक शब्द नाही. आई कोणाला न विचारता गल्लीबाहेर उभ्या शववाहिनीत चढून बसली होती, म्हणून मुक्तिधामपर्यंत पोचली.

पुढचं मी सांगितलं आहे.

घरी आल्यावर आईने वाकून पलंगाखालचा फोटो काढला. पदराने पुसला. जागेवर लावला. मग माझ्याकडे न बघता बोलली.

"तुहा बाप एकदाच मेला, बापू. आता तो पुन्हा थोडीच मरनार हाय."

मी रडलो. ती आत गेली. पोळ्या लाटल्याचा आवाज येत राहिला.

काही दिवसांनी ऑफिसला गेलो. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं, पाणी दिलं. तेरवीचं बोलणं काढलं. मराठी मंडळाचा हॉल सांगून ठेवलाय, पंडितजी तेच, पत्रिकेचा मजकूरही त्यांनी स्वतः लिहिला होता. स्वर्गीय, आणि पुढे बाबांचं नाव. मी कागद हातात घेतला. साहेब टेबलावर पुढे झुकले.

"एक सांगू? तुमच्या भिंतीवर बुद्धाच्या शेजारी रिकामा खिळा होता. आजूबाजूची भिंत मळलेली आणि मध्ये चौकोन स्वच्छ. माझ्या लक्षात आलं. पण काळजी करू नकोस, मी ऑफिसात कुणाला बोललो नाही."

मी हातातला कागद दुमडला.

"आणि बरंच झालं बघ," ते म्हणाले. "वडिलांचं एकदा तरी नीट झालं."

ते हे वाईट मनाने बोलले नाहीत. तेच मला लागलं. त्यांना वाटत होतं त्यांनी उपकार केलेत. म्हणजे मुक्तिधामात त्यांना ठाऊक होतं. आई काय म्हणते आहे, का म्हणते आहे, ठाऊक होतं. शिबिरात त्यांनीही ते ऐकलं असेल, डोळे मिटून. त्यांच्या शिबिरात ते ध्यान होतं. माझ्या आईच्या तोंडी तेच अडचण झालं. आणि बाबा सगळा जन्म जे जगले ते 'नीट' नव्हतं. माझ्या हाताने आग लावली तेव्हा कुठे नीट झालं.

कागद मी टेबलावर ठेवला.

"साहेब, माझे वडील स्वर्गीय नाहीत. कालकथित आहेत."

"असा शब्द मराठीत नाही," ते म्हणाले. सवयीने. मराठी त्यांच्या घरची असल्यासारखी.

"आमच्या मराठीत आहे. आणि तेरवी होणार नाही. पुण्यानुमोदन होईल, गुढियारीच्या विहारात. अनिच्चही मला माहीत होतं, साहेब. मी खोटं बोललो होतो."

त्यांनी कागद उचलून खणात ठेवला. मग म्हणाले, "मग त्याच दिवशी सांगायचं होतंस. मी काय जबरदस्ती केली होती?"

खरंच होतं ते. त्यांनी जबरदस्ती केली नव्हती. मी त्यांच्यावर विचारायची वेळच येऊ दिली नव्हती. बाहेर आलो, माझ्या खुर्चीवर बसलो आणि ऑफिसच्या ग्रुपवर संदेश टाकला. कालकथित, बाबांचं नाव, पुण्यानुमोदन, विहाराचा पत्ता. खाली जय भीम. शेजारच्या पोट्टीने विचारलं, "भैया, ये कालकथित क्या होता है?" मी तिला समजावलं. बाबांनी मला समजावलं होतं तसंच, फक्त हिंदीत. ती म्हणाली, अच्छा. आणि कामाला लागली. एवढंच होतं ते. इतकी वर्षं मी ज्याला भीत होतो ते एवढंच होतं.

एवढंच नव्हतं म्हणा. साहेब आता माझ्याशी हिंदीत बोलतात. त्यांच्या टीममधून मला काढलं, कारण कुणी सांगितलं नाही. डब्यातलं काही येत नाही.

पुण्यानुमोदनाला ऑफिसातून कुणी आलं नाही. काकांनी त्रिशरण, पंचशील घेतलं. मग त्यांनी मला पुढे बसवलं आणि बाबांविषयी बोलायला सांगितलं. मी उठून उभा राहिलो आणि आधी हेच सगळं सांगितलं. फोटो कोणी काढला. आईला कोणी गप्प केलं. विहार भरलेलं होतं. एरवी बोलणं संपलं की लोक 'साधु, साधु, साधु' म्हणतात. त्या दिवशी कुणी म्हणालं नाही. बरोबरच होतं.

आईने मला माफ केलेलं नाही. मी माफी मागितलीही नाही. जे जळून गेलं त्याची माफी मागायची म्हणजे पुन्हा तिच्याकडूनच काहीतरी घ्यायचं. ती घरात असते, जेवायला वाढते, कमी बोलते. रविवारी मी विहारात बसतो. पाऱ्यातली पोरं आता मराठीला हिंदीत उत्तर देतात. त्यांना मी शब्द शिकवतो. पाठांतर करवत नाही. कोणता शब्द कुठे म्हणायला भीती वाटते, ते आधी विचारतो. पोरं सांगतात. शाळेत. दोस्ताच्या घरी. दुकानात. मी ऐकतो, आणि मी कुठे कुठे भ्यालो ते त्यांना नाव घेऊन सांगतो.

बाबांचं मी काही परत करू शकत नाही. पण माझ्या घरात यापुढे जे काही होईल, मरण असो, लग्न असो, बारसं असो, ते आमच्या शब्दांत होईल. मोठ्याने होईल. ज्याला यायचं त्याने यावं, हात जोडावेत किंवा जोडू नयेत. ज्याला ते शब्द जड जातात, त्याने दाराबाहेर उभं राहावं. तो माझी भाकरी देणारा असला तरी.