येलहंक्यात चार दिवस गिऱ्हाईक

मिरजेला गाडी सुटण्याआधी मी ह्यांच्याकडून शपथ घेतली, तीही पाकिटातल्या गणपतीवर हात ठेवून. बंगळुरात चार दिवस आपण फक्त गिऱ्हाईक. कुणाचं टेबल पुसायचं नाही, कुणाची चादर ओढायची नाही, कुणाला "आणखी काय देऊ?" विचारायचं नाही.

त्याचं असं झालं. आटपाडीला स्टँडसमोर आमचं हॉटेल आहे. खाली बारा टेबलं, वर उतरायला आठ खोल्या. बावीस वर्षांत आम्ही दोघांनी मिळून कधी गाव सोडलं नव्हतं. आता सांगलीच्या एका गृहस्थांनी हॉटेल चालवायला मागितलं होतं आणि सोमवारी त्यांना हो की नाही सांगायचं होतं. माझं हो ठरलेलंच होतं. "वहिनी, चहात साखर कमी आहे" हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते. हे मात्र म्हणाले, "कामाशिवाय जमतं का, ते आधी बघू." म्हणून हॉटेलला कुलूप लावून ही रंगीत तालीम.

यशवंतपूरला उतरलो. रिक्षावाल्याने आमचं सगळं सामान माझ्या मांडीवर रचलं आणि म्हणाला, "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी (थोडं सांभाळून घ्या)." शहराच्या टोकाला येलहंक्यातल्या आमच्या लॉजपर्यंत मला बंगळूर म्हणून जे दिसलं, ती आमच्या बॅगेची चेन होती.

लॉज आमच्याकडे उतरणाऱ्या एका बियाणेवाल्याने सुचवलं होतं. मालकांचे पूर्वज शिवकाळात इकडे आलेले, घरात अजून मराठी. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. एका हातात रजिस्टर, दुसऱ्यात फोन, आणि डोळे स्वयंपाकघराकडे. बघताक्षणी मला ते घरचे वाटले.

"या अक्का, या राव! ऊटा आयता (जेवण झालं काय)? नसेल तर स्वल्प बसा, वाढाय सांगतो."

खोलीत शिरल्या शिरल्या ह्यांनी गादीचा कोपरा उचलला.

"अहो, शपथ!"

"बघत नव्हतो. बोट अडकलं होतं."

जेवणात मुद्दे (नाचणीचे उकडलेले गोळे) होते. ह्यांनी भाकरीसारखा मोठा घास घेऊन चावायला सुरुवात केली आणि वरची कवळी त्यात रुतून बसली. "राव, चावायचं नाही, गिळायचं," अण्णा म्हणाले. ह्यांनी नुसती मान हलवली. दुसरं काही शक्यही नव्हतं.

जवळच हवाई दलाचा तळ आहे. विमान वरून गेलं की पेले थरथरतात. अण्णा "दोन कॉ" वर थांबतात, आवाज विरला की "फी" म्हणतात. गिऱ्हाइकंही तेवढा वेळ तोंड उघडं ठेवून थांबतात. दोन दिवसांत आम्हीही थांबायला शिकलो.

दुसऱ्या दिवशी लालबाग पाहिली. तिथल्या त्या प्रचंड खडकावर उभं राहून, गार वाऱ्यात, अख्खं शहर समोर असताना हे म्हणाले, "इथं पंचवीस टेबलं आरामात बसतील." मी रागावले. खरं सांगायचं तर मी अठ्ठावीस मोजली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी हे देवळात जातो म्हणून गेले. माझं डोकं दुखतंय म्हणून मी पडले. पण जेवणाच्या वेळेला आडवं कसं पडायचं, हे मला कुणी शिकवलेलंच नाही. गरम पाणी मागायला खाली आले, तर आचारी लग्नाला गेलेला, दारात बसभर माणसं उतरलेली, आणि अण्णा त्यांच्यात अडकलेले. स्वयंपाकघरात फोडणी जळत होती आणि मी पाहुणी होते.

फार तर दोन श्वास मी पाहुणी राहिले. मग पदर खोचला. सांबाराला त्यांचा मसाला सापडेना, म्हणून पिशवीतला आमचा कांदा-लसूण मसाला घातला. आमच्या सढळ हातानेच घातला. ताटं घेऊन बाहेर आले, तर सगळ्या बसला आधीच खोल्या मिळालेल्या, आणि गल्ल्यावर कानाला पेन लावून हे! एका कन्नड जोडप्याला शुद्ध आटपाडी बोलीत दम भरत होते, "गरम पाणी सहा ते नऊ. नंतर मागायचं नाही."

आमची नजरानजर झाली.

"देवळात गर्दी होती," हे म्हणाले.

"माझं डोकं दुखायचं थांबलं," मी म्हणाले.

अण्णा कुठे दिसेनात. शोधलं तर कोपऱ्यातल्या टेबलावर बसून जेवत होते. सांबाराने नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"फार तिखट झालंय काय?"

"तिखट आहेच, अक्का. पण अठरा वर्षांत मी इथं बसून गरम खाल्लं नव्हतं. सरी (असू दे), अजून स्वल्प वाढा."

मी डाव भरून वाढलं. माझंही शेवटचं गरम जेवण कधी झालं, ते आठवेना. चौथा दिवस आम्ही गल्ल्यावर आणि चुलीपाशी काढला. निघताना ह्यांनी अण्णांना बजावलं, "आता तुम्ही आमच्याकडं यायचं. चार दिवस नुसता आराम." आणि हॉटेल द्यायचं नाही, असं सांगलीकरांना गाडीतूनच कळवलं. मी अडवलं नाही.

दिवाळी झाल्यावर अण्णा खरंच आले. गणपतीवर हात ठेवून आराम करायची शपथ त्यांनी घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिना उतरले, तर आमच्या गिऱ्हाइकांना "स्वल्प थांबा" म्हणत अण्णा फडकं मारत होते. मला बघून ओशाळले.

मी खिडकीपाशी बसले. माझ्याच हॉटेलात, पहिल्यांदा. अण्णांनी वाफाळता चहा पुढ्यात ठेवला आणि हात जोडून उभे राहिले.

एक घोट घेतला. बावीस वर्षं जे ऐकत आले, ते मग मी अगदी मोठ्याने म्हणाले,

"अण्णा, साखर कमी आहे!"