दुपारच्या शिफ्टविरुद्ध भाऊजी

साऱ्या मस्कतात आमच्या समोरच्या भाऊजींइतका सभावेडा माणूस दुसरा झाला नाही, व्हायचाही नाही. नव्वदच्या दशकात आम्ही अल खौदला एकाच मजल्यावर समोरासमोर राहायचो. सुट्टीच्या दिवशी लोक समुद्रावर जात, मत्रहच्या बाजारात जात. भाऊजी इस्त्रीचा कोट चढवून मुलांच्या भारतीय शाळेत पालकसभेला जात. समितीने पाण्याच्या कूलरची जागा बदलली, भाऊजी उभे. गॅदरिंग पुढे ढकललं, भाऊजी उभे. "माझा एक छोटासा मुद्दा आहे," असं ते म्हणाले की मागच्या रांगा खुशाल चहाला उठत, आणि परत येत तेव्हा मुद्दा नुकता सुरू होत असे. घरीही तीच तऱ्हा. भाजी कुठली करायची यावरही आधी चर्चा, मग मतदान. वहिनी ओरडायच्या, "अहो, ठराव नंतर करा, आधी ती भेंडी चिरा!"

मग एका वर्षी समितीने ठरवलं, वर्ग अपुरे पडतात, तेव्हा लहान मुलांची शाळा दुपारी. म्हणजे भर बाराला बस! तिथलं बाराचं ऊन काय चीज आहे, ते अनवाणी गच्चीत गेलेल्यालाच ठाऊक. भाऊजींची चिनू पहिलीत होती. एक दिवस थांब्यावरच चक्कर येऊन पडली. वहिनींनी त्याच दिवशी सांगून टाकलं, "दिवाळीपर्यंत शिफ्ट बदलली तर ठीक. नाहीतर मी पोरीला घेऊन रत्नागिरीला चालले." भाऊजींचा चेहरा एवढासा झाला. सभेत पोटतिडकीने बोलले, तर चेअरमनसाहेब घड्याळ बघत म्हणाले, "इन्शाल्ला, देखेंगे." त्या इन्शाल्लाचा अर्थ आम्हाला पाठ होता.

तेवढ्यात गणपती आले. भाऊजींनी चेअरमनना आरतीचं बोलावणं धाडलं, वेळ दिली भर बाराची. गणपतीच्या बोलावण्याला नाही कोण म्हणणार? साहेब कोट-टाय घालून हजर. भाऊजींनी त्यांना बसथांब्यापाशीच गाठलं. "साब, बस पाँच मिनट. बच्चे बैठ जाएँ, फिर आरती." बस नेहमीसारखी उशिरा. सावली म्हणजे एका खांबाची, तिच्यात पोरं एकामागे एक उभी. साहेबांचा कोट उतरला, मग टाय उतरला, मग ते माझ्या मुलाच्या बाटलीतलं पाणी घटाघटा प्यायले. मी बाल्कनीतून बघत होते. हसू आवरेना, आणि खरं सांगते, दयाही येईना. बस आली तेव्हा एसीच्या ओढीने साहेबच आधी चढायला निघाले! वर येऊन अर्धी आरती त्यांनी खुर्चीतच काढली. मोदक मात्र सोडले नाहीत.

शिफ्ट सकाळची झाली. पण समिती ती समिती! अंमलबजावणी नव्या वर्षापासून, म्हणजे एप्रिलपासून. वहिनी बोलल्याप्रमाणे दिवाळीलाच गेल्या. एप्रिल उजाडताच भाऊजींनी आनंदाने फोन लावला, तर त्या म्हणाल्या, "अहो, चिनू आता इथल्या शाळेत रुळलीय. तिला परत कुठे हलवू?" हे भाऊजींनी मला हसत हसत सांगितलं. मला मेलं रडूच आलं.

शाळा सुरू झाली त्या सकाळी मी मुलाला सोडायला खाली उतरले, तर भाऊजी थांब्यावर. एकेका पोराला वर चढवत होते, दप्तरं हातात देत होते.

"तुम्ही कशाला आलात, भाऊजी?"

"वा! निर्णय आपण करून घेतला, तर बस वेळेवर येते का बघायला नको?"

बस निघाली. कुठल्याच खिडकीत त्यांचं कुणी नव्हतं. तरी वळणापर्यंत ते हात हलवत राहिले.