मेंदूच्या पेशींतला उजेड

आमच्या प्रयोगशाळेत एक बाई आहेत. कर्वेनगरहून स्कूटरवर येतात आणि तोंडावरचा स्कार्फ सोडायच्या आधी अंधाऱ्या खोलीची किल्ली मागतात. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावण्यापूर्वी दिवा घालवून, डोळे मिटून स्वस्थ बसतात. कोणी हसलं तर म्हणतात, "तुमच्या डोळ्यांना घाई असेल, माझ्या नाही."

विषाणूचं जनुक कोणत्या अवयवात जागं व्हायचं, हे त्याच्या डीएनएतला एक छोटा तुकडा ठरवतो. तसा एक तुकडा आम्ही पेशी चकाकवणाऱ्या एका जनुकाला जोडला होता. त्यानं फक्त यकृताच्या पेशी चकाकतात, असं मी शोधनिबंधात लिहूनही टाकलं होतं. बाईंच्या नोकरीची मुदतवाढ त्याच निबंधावर अवलंबून होती.

"सर, मेंदूच्या पेशीही चकाकतायत."

"अहो, भास असेल."

"मग बसा."

त्यांनी दिवा घालवला. थोड्या वेळानं मी पाहिलं. पेशी मिणमिणत होत्या.

"काही दिसत नाही," मी म्हणालो.

"डोळे सरावले नसतील. बसा अजून."

त्याही शेजारच्या स्टुलावर बसल्या. मुदत त्यांची संपत होती, घाम मला फुटला होता.

शेवटी मी म्हणालो, "चकाकतायत."

"चला," त्या म्हणाल्या, "आता दिवा लावते."