अवसेची ओहोटी
खाडीच्या गाळाचा वास आला की मला मोरा बंदरासमोरची ती संध्याकाळ आठवते. मी आठ वर्षांची असेन. मी आणि बाबा मुंबईहून लाँचने घरी उरणला येत होतो, आणि धक्का समोर दिसत असताना लाँच गाळात रुतली. पाणी झपाट्याने ओसरलं, लाँच एका अंगावर कलली आणि आम्ही सगळे बाकं घट्ट धरून बसलो. शेजारची कोळीण म्हणाली, "आज आवस हाय ना, पानी यायला टाइम लागंल." अमावस्या म्हणजे भुतांची रात्र, एवढंच मला माहीत होतं. मी रडायला लागले. बाबांनी मला जवळ ओढलं. "अगं, अमा म्हणजे सोबत आणि वस म्हणजे राहणं. आज चंद्र सूर्याच्या सोबतीला राहायला जातो. दोघं मिळून पाणी ओढतात, म्हणून एवढी ओहोटी. आता तेच भरती आणतील." "आणि पाणी आत शिरलं तर?" मी विचारलं. अंधारात पाणी खरंच आलं. कललेल्या बाजूने ते काठापर्यंत चढलं, एक लाट आत आली, बायका ओरडल्या, आणि मोठा हिसका देऊन लाँच सरळ झाली. धक्क्यावर उतरल्यावर बाबा बराच वेळ पायरीवर बसून राहिले. परवा मी त्यांना म्हटलं, "नातीला पोहायला तुम्हीच शिकवा ना." ते हसले. "मला कुठे येतं पोहायला?"