दगडात कोणीतरी आहे

गेल्या गुरुवारी दुपारी अडीचला धुळ्यात लाइट गेली आणि माझी अक्कल ठिकाणावर आली. भर उन्हात अंगावर काटा येतो का? येतो...

आधीपासून सांगते. मला कित्येक वर्षं एक वेड होतं, घरात समुद्राच्या पाण्याचा फिश टँक. गोड्या पाण्याचा नाही, खाऱ्याचाच. इथे प्यायच्या पाण्याची बोंब आणि ही बाई समुद्र आणतेय, म्हणून सगळ्यांनी टिंगल केली. पण मी ज्युनिअर कॉलेजात विज्ञान शिकवते आणि वर हट्टी आहे, त्यामुळे दोन फुटी टँक हॉलमध्ये आलाच.

जारचं आरओ पाणी, त्यात टँकसाठी मिळणारं खास मीठ (स्वयंपाकाचं नव्हे, सगळे तेच विचारतात) आणि समुद्रातून काढलेला 'जिवंत' दगड. जिवंत म्हणजे त्याच्या भोकाभोकांत बारीक जीव असतात, ते पाणी साफ ठेवतात. तो मुंबईहून ओल्या पेपरात गुंडाळून, थर्माकोलच्या डब्यातून, बसने आला. महिनाभर नुसता दगड आणि पाणी... मग दोन केशरी मासे आणि चार गोगलगाई.

आता माझे सासरे, नाना. वय एक्याऐंशी. नरडाण्याकडच्या गावात उभा जन्म विहिरी खोदण्यात गेला. कातळावर तळहात ठेवायचे, दुसऱ्याने पहारीने ठोकलं की खाली पोकळ आहे की भरीव ते सांगायचे. आता दोन्ही कान गेलेत, मशीन कपाटात पडून असतं. टँक लागला त्या दिवसापासून ते समोर खुर्ची टाकून बसायचे, काचेला तळहात लावून.

मासे आल्यावर चौथ्या दिवशी म्हणाले, "बेटा, या दगडमा कोनी तरी शे."

मी हसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आतून ठोकतो म्हणे. मी कान लावला तर कूलरच्या घरघरीशिवाय काही नाही. आमचा कूलर सुरू असला की शेजारच्या माणसाशीसुद्धा ओरडून बोलावं लागतं.

मग गोगलगाई संपायला लागल्या. सकाळी बघावं तर शंख रिकामा, आणि हातोडीने फोडावा तसा फुटलेला. चारही गेल्या. मग एक मासा नाहीसा झाला. टँकवर जाळी, खाली फरशी कोरडी, पाण्यात काटासुद्धा नाही... नाना शांतपणे म्हणाले, तो घेऊन गेला. आमच्या फरशी पुसणाऱ्या ताईंनी त्या दिवसापासून हॉलमध्ये पाय टाकला नाही.

मला भीती वेगळीच होती. नानांच्या तरुणपणी एका विहिरीत सुरुंगानंतर दरड कोसळली आणि त्यांचा जोडीदार आत अडकला. दुपारभर आतून ठोकल्याचा आवाज येत होता, मग थांबला. हे त्यांनी आम्हाला एकदाच सांगितलं होतं, आणि त्या दिवशी जेवले नव्हते. मिस्टर म्हणाले, नाना त्या विहिरीत परत गेलेत. मलाही पटलं. आणि खोटं कशाला बोलू, हॉलमध्ये एकटीने बसायला मला नको वाटायला लागलं.

जळगावच्या दिरांनी तिकडच्या डोक्याच्या डॉक्टरांची शनिवारची वेळ घेतली. एकदा गोळ्या सुरू झाल्या की निवांत पडून राहतील, असं मीच फोनवर म्हणाले. नाना समोरच बसले होते. त्यांना कुठे ऐकू येतंय! त्याच दिवशी मी त्यांची खाट मागच्या खोलीत हलवली.

आणि गुरुवारी लाइट गेली. कूलर बंद, पंखा बंद, टँकचा पंप बंद. गल्लीत चिटपाखरू नाही. मी पेपर तपासत बसले होते...

टक्.

वाटलं काच तडकली. उठून पाहिलं, काच धड होती. पुन्हा टक्. मग लागोपाठ दोनदा. पाणी अगदी स्थिर, घरात नाना मागे झोपलेले आणि मी, बस. मी काचेला तळहात लावला आणि पुढचा ठोका थेट कोपरापर्यंत आला. हात मागे घ्यायचं सुचेना.

दगडाच्या भोकात दोन डोळे होते. दांड्यांवर बसवलेले, वेगवेगळे फिरणारे. एक उरलेल्या माशाकडे बघत होता... दुसरा माझ्याकडे.

मी धावत जाऊन नानांना उठवलं, हाताला धरून आणलं, त्यांचा तळहात काचेवर ठेवला. त्यांनी टँककडे पाहिलंच नाही. माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"तुले बी समजनं?"

मी मान हलवली. ते मटकन खुर्चीत बसले. "माले बी वाटे, मनंच डोकं फिरनं." म्हणजे त्यांनाही वाटत होतं, आपलंच डोकं फिरलंय.

दुकानदाराला फोन केला तर तो हसला. मॅन्टिस श्रिम्प म्हणे, कोळंबीसारखा, बोटाएवढा. दगडात लपून येतो, पुढच्या पायांनी शंख फोडतो, मासेही सोडत नाही. सांगायचं राहून गेलं म्हणाला. तो दगड आता मागे वेगळ्या बादलीत आहे, आणि अजून ठोकतो. नाव कळलं तरी मी त्या बादलीजवळ एकटी जात नाही.

संध्याकाळी चहा दिला तेव्हा नानांनी हळूच विचारलं, "मंग शनवारले जानं शे का?"

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. ऐकू आलं नसेल, पण माझे ओठ दिसत होते ना... उशाशी धुतलेलं धोतर आणि टोपी घडी घालून ठेवलेली होती. भांडण नाही, तक्रार नाही, मी पाठवेन तिथे जायची तयारी करून माणूस बसला होता. मी हातानेच नाही म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले.

नाना, चुकले मी. तुमच्या तोंडावर म्हणायला जीभ रेटली नाही, म्हणून इथे चारचौघांत म्हणतेय.