फाट्यावर गेलं की बसू

साखराबाईला आयुष्यात एकच हौस होती, बसायची.

हसण्यासारखं वाटेल, पण खरं आहे. कुणाला पाटल्यांची हौस असते, कुणाला काशीची. साखराबाईला निवांत बसायचं होतं. हदगावपासून आठ मैल आतल्या गावात ती सून म्हणून आली तेव्हा सोळा वर्षांची होती, आणि त्या घरात बाईला बूड टेकायला जागाच नव्हती. विहीर उतारावर, घर चढावर आणि शेत माळाच्या पलीकडे. उजाडायच्या आत पाण्याच्या चार खेपा, मग भाकरीची पाटी डोक्यावर घेऊन माळाचा चढ, आणि दिवस मावळताना तोच चढ सरपणाच्या भाऱ्यासकट. घरी खायची ददात नव्हती. नवऱ्याचं नाव श्रीमंत, माणूस भला होता, बारा एकरांत कापूस आणि पुढे सोयाबीन बरं पिकायचं. पण भल्या माणसालाही पाणी पायापाशीच लागायचं.

"लेकरं हाताशी आली का मी बसून खाईन," ती म्हणायची. चारचौघांत 'बसून खातो' म्हणजे शिवीच. साखराबाई मात्र हे वाक्य नवस बोलावा तसं बोलायची.

लेकरं म्हणजे एकटा आदिनाथ. त्याच्याबाबतीतही तिचं मागणं तेच होतं. पोरगं खुर्चीवर बसलं पाहिजे. आपल्यासारखं त्यानं उन्हातान्हात तंगडतोड करू नये. तो दहा वर्षांचा असताना हदगावला वसतिगृहाच्या शाळेची परीक्षा होती. एस.टी. फाट्यावर यायची, आणि फाटा गावापासून दीड कोस. निघायला उशीर झाला. पोरगं मागं राहून रडायला लागलं, "माय, पाय दुखू राहिले. बस की जरा."

"फाट्यावर गेलं की बसू," साखराबाई पुढं चालत म्हणाली.

फाटा दिसला तेव्हा एस.टी.सुद्धा दिसली, निघायच्या बेतात. तिनं पोराला काखेत मारलं, पदर खोचला आणि धावली. दहा वर्षांचं धड पोरगं, आणि ती अनवाणी. चप्पल कुठंतरी मागंच राहिली. कंडक्टरनं घंटी मारायचा हात थांबवला. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती, मायलेक हदगावपर्यंत उभ्यानं गेले. मग तो आत बाकावर बसून पेपर सोडवत राहिला, ती बाहेर भिंतीला टेकून तीन तास उभी. बाहेर कट्टा होता. पण आपण बसलो तर पोराचं काहीतरी चुकेल असं तिला वाटत होतं. असल्या गोष्टींना कारण विचारायचं नसतं.

आदिनाथ पास झाला. शिकत गेला, शिकत गेला आणि नांदेडला एका कचेरीत कारकून झाला. साखराबाई खास ती खुर्ची बघायला गेली. चाकांची होती, पाठीवर पांढरा टॉवेल टाकलेला. तिनं टॉवेलावरून हात फिरवला.

"बस ना माय," आदिनाथ म्हणाला.

"न्हाई रे बाबा. ही तुही हाय," ती म्हणाली आणि उभ्यानंच चहा प्याली.

त्या खुर्चीवर तो सोळा वर्षं बसला. दहाला बसायचा, सहाला उठायचा, घरी येऊन सोफ्यावर बसायचा. गाडीवर बसून जायचा, लिफ्टमध्ये उभा राहायचा तेवढंच उभं राहणं. हाडकुळं पोरगं चौऱ्याण्णव किलोचं झालं. साखराबाईला त्याचं पोट बघून बरं वाटायचं. माहेरच्या बाया आल्या की ती म्हणायची, "साहेबावाणी दिसतोय न्हाई?" तिचं तरी काय चुकलं? तिच्या गावात पोट हे फक्त सुखी माणसालाच यायचं.

श्रीमंत गेला, जमीन भावकीला बटईनं लावली, आणि साठी उलटल्यावर साखराबाई नांदेडला चौथ्या मजल्यावर राहायला आली. सून विशाखा शाळेत शिकवायची, स्वभावानं मोकळी. तिनं गॅलरीत सासूसाठी खुर्ची टाकली. साखराबाई बसली. दोन वर्षं अगदी मन लावून बसली. खालून माणसं पळताना दिसायची, पायात रंगीत बूट, कानात बोंडकं. ती विशाखाला विचारायची, "ह्यांच्या मागं कोण लागलंय?"

मग जानेवारीत कचेरीचा जिना चढताना आदिनाथ मध्येच छाती धरून खाली बसला. दवाखान्यात नेलं. हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवावी लागली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, रोज तासभर चालायचं, जिने चढायचे, वजन उतरवायचं. ह्या वेळी वेळेत आलात, दरवेळी याल असं नाही.

आदिनाथ आठ दिवस चालला. नवव्या दिवशी थंडी होती. दहाव्या दिवशी कचेरीत तपासणी होती. मग सुटलंच. विशाखा समजुतीनं बोलली, भांडली, शेवटी एका सकाळी स्वयंपाकघरात ओट्याला धरून रडली. "आई, माझं ऐकत नाहीत ते. 'थकलोय' म्हणतात. मी काय करू?"

साखराबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. गॅलरीत गेली, खुर्चीवर बसली, आणि पहिल्यांदाच तिला ती खुर्ची टोचली. आपण ह्याला बसवायला जन्मभर चाललो, आणि ह्या बसण्यानंच पोरगं जाणार. हा विचार तिच्या मनात आला आणि हलेना. अपराध कुणाचा म्हणायचा? ती आपला स्वतःच्याच पदरात घेऊन बसली.

संध्याकाळी आदिनाथ आल्यावर ती म्हणाली, "मला डाक्टरनं चालायला सांगितलंय. साखर वाढलीय."

"कोणत्या डॉक्टरनं? कधी?"

"सांगितलंय म्हन्ते ना! पण मला रस्ता वलांडता येईना बाबा. गाड्या अंगावर येतात. तू संगं चल."

तिची साखर व्यवस्थित होती. तिनं रस्ते, नाले, दोनदा पुराचा ओढासुद्धा ओलांडला होता. पण बायको सांगते म्हणून न उठणारा माणूस आईला घेऊन जायचं म्हटल्यावर उठतो, हे तिला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी साडेपाचला आदिनाथ जांभया देत दाराशी उभा राहिला. कचेरीत त्यानं सगळ्यांना सांगितलं, "सध्या आईला फिरवून आणतो रोज." जरा ऐटीतच सांगितलं.

पहिल्या दिवशी साखराबाई हातात रिकामी पिशवी घेऊन निघाली.

"पिशवी कामून?"

"बिनकामाचं चालाया लाज वाटती मला. कुणी इचारलं कुठं चालल्या, तर काय सांगावं? उगंच?"

वॉचमननं विचारलंच, "कुठं निघाल्या आजी?" ती म्हणाली, "भाजीला." पहाटे साडेपाचला कोणती भाजी मिळते हे त्यानं विचारलं नाही. पुढं रोजच हा प्रश्न आणि रोजच हे उत्तर.

लिफ्टमध्ये ती जाईना. "त्या डब्यात माहा जीव घाबरतो," म्हणायची. जीव कशाचा घाबरतोय? जिन्यानं गेलं तर तोही जिन्यानंच येणार, एवढाच हिशेब. चार मजले उतरायचे, चार मजले चढायचे. ती पुढं, तो मागं धापा टाकत.

फिरायला जायचे ते विसावा उद्यानात. नाव ऐकून साखराबाईला फार बरं वाटलं होतं. जाऊन बघते तर विसाव्यात विसावलेलं कुणीच नाही. म्हातारे चालतायत, पोरी पळतायत, एक जण उलटा चालतोय. बाकडी तेवढी रिकामी. "नावाला तरी जागावं," ती पुटपुटली आणि चालू लागली.

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. आदिनाथचा पट्टा दोन भोकं आत आला. विशाखा आता डबा भरताना गुणगुणायची. आणि साखराबाईचे गुडघे संपले.

ते कधीचेच संपत आले होते म्हणा. चाळीसेक वर्षं माळ चढलेले गुडघे, त्यांना काय काय पुरं पडावं? आता रोज दुपारी घरात कुणी नसताना ती ऊन पाण्याचं फडकं गुडघ्याला बांधून पडायची. जिना उतरताना हाडात सुई फिरल्यासारखं व्हायचं. पाय इतके सुजायचे की पैंजण काढून ठेवावे लागले. पहाटे जाग आली की पडल्यापडल्या तिला रडू यायचं. दुखण्याचं नव्हे, थकव्याचं. देवा, अजून किती चालवतोस? विहीर झाली, माळ झाला, फाटा झाला. आता तर पाणीही नळाला येतंय. मग ती उठायची, पिशवी घ्यायची आणि आदिनाथच्या दारावर थाप मारायची. आपण एक दिवस न उठलो तर हा दुसऱ्या दिवशी उठणार नाही. आठ दिवस उठला नाही तर परत सोफ्यावर. पुढचं तिला मनातसुद्धा म्हणवत नव्हतं.

एप्रिलातल्या एका सकाळी पहाटेपासूनच उकडत होतं. विसाव्यात दुसरा फेरा चालला होता. साखराबाई नेहमीसारखी दोन पावलं पुढं, दात आवळून. मागून आदिनाथ म्हणाला, "माय, किती पळवतीस. बस की जरा."

तिच्या तोंडून आपसूकच निघालं, "फाट्यावर गेलं की बसू."

मागची पावलं थांबली. तिनं वळून पाहिलं. आदिनाथ रस्त्याच्या मध्येच उभा होता, पळणाऱ्या पोरी त्याला वळसा घालून जात होत्या.

"फाट्यावर आपण कधीच बसलो न्हाई माय," तो म्हणाला.

त्याची नजर आता तिच्या पायांवर होती. चपलेचा पट्टा सुजलेल्या पावलात रुतला होता. घोट्यांवर पैंजणांची जागा पांढरी पडली होती. रोज तो तिच्या मागून चालत होता, आणि तीन महिन्यांत त्यानं तिचे पाय पाहिले नव्हते.

"पैंजण कुठं गेले?"

"टोचू राहिले होते."

"तुही साखर किती हाय माय? खरं सांग."

साखराबाईनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. खोटं बोलायचंही बळ लागतं, आणि ते आज तिच्यापाशी उरलं नव्हतं. "मला कुठली साखर," ती म्हणाली. "नावातच हाय तेवढी."

आदिनाथ हसला नाही. त्यानं तिचा दंड धरला, कडेच्या बाकड्यापाशी नेलं आणि खांद्यावर हात ठेवून तिला बसवलं. मग खाली वाकून तिच्या चपला काढल्या. वाकताना त्याला धाप लागली नाही, हे दोघांच्याही लक्षात आलं.

"तू इथं बस. मी जाऊन येतो."

"येकटा?"

"हाव, येकटा. अजून दोन फेरे. उद्याही तू बसायचं, परवाही."

"करशील का?" तिनं त्याच्या तोंडाकडं बघत विचारलं. आवाज तिला हवा होता तेवढा कडक निघाला नाही. "न्हाईतर मी उठते. मला उठता येतं अजून."

"करतो माय. तुही शप्पथ."

तो निघाला. तिनं हाक मारली, "आदिनाथ!" तो परत आला. तिनं हातातली रिकामी पिशवी पुढं केली. "ही ने. बिनकामाचा दिसशील."

नुकताच नोकरीत बढती मिळालेला तो बेचाळीस वर्षांचा माणूस. त्यानं गुमान ती कापडी पिशवी खांद्याला अडकवली आणि चालू लागला.

साखराबाई बसली. पाय समोर लांब केले. बाकड्याला पाठ टेकली. वर कडुलिंबाला फुलोरा होता, त्याचा वास येत होता. तिची नजर मात्र वाटेवर होती. तो झाडांमागं दिसेनासा झाला तेव्हा तिनं बाकड्याची कड धरली. बराच वेळ झाला असं तिला वाटलं. ती उठायला लागली, तोच पलीकडच्या वळणावर पिशवी दिसली, आणि ती परत टेकली.

इतक्यात हातात घड्याळासारखं काहीतरी बांधलेली एक बाई भराभरा चालत तिच्यापाशी आली आणि जागच्या जागीच पाय हलवत थांबली. कळकळीनंच म्हणाली, "मावशी, असं बसून राहू नका. ह्या वयात चालत राहायला पाहिजे."

साखराबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि वाटेकडं बोट दाखवलं.

"चालून राहिले की बाई," ती म्हणाली. "त्यो बघा, पिशवीवाला."