सरोजाक्कांचा पंचनामा

सरोजाक्कांकडे बरोबर उत्तराला काडीची किंमत नव्हती. सोडवलेला पेपर हातात घेतला की बरोबर आलेल्या प्रश्नांवरून त्या भराभर पेन्सिल फिरवून मोकळ्या व्हायच्या. मग उरलेल्या चुकांकडे बघून त्यांचा चेहरा खुलायचा. खुर्ची पुढे ओढत त्या म्हणायच्या, "हां, आता पंचनामा." आणि समोर सतरंजीवर बसलेले आम्ही एकमेकांच्या मागे दडायला बघायचो. आम्ही सगळी मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत एकदा आपटी खाल्लेली मुलं. आमच्यासारख्यांना बेंगळुरूत रिपीटर म्हणतात, आणि सरोजाक्का फक्त रिपीटरांनाच शिकवायच्या.

पहिल्यांदा अप्पा मला त्यांच्याकडे घेऊन गेले तो दिवस मला अजून आठवतो. आमचं चामराजपेटमध्ये शिवणकामाचं दुकान. घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. अक्काही आमच्यातल्याच, दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलेलं नव्हतं. अप्पा दारातच हात चोळत म्हणाले, "पोरगी हुशार आहे हो अक्का. नुसत्या सिली मिस्टेक्स करते."

"अण्णा, चप्पल बाहेर काढलीत ना? तो शब्दही तिथेच ठेवून या," अक्का म्हणाल्या. "मिस्टेक कधी सिली नसते. माणूस चुकतो तेव्हा त्याला ते बरोबर वाटत असतं, म्हणून चुकतो. त्याच्यामागे काहीतरी शहाणपण असतं. ते सापडलं की झालं."

अप्पांना काही कळलं नाही. मला तर वाटलं, म्हातारी चक्रम आहे. त्या वर्षी मी आधीच सगळ्या जगावर चिडलेली होते. माझ्याहून कमी अभ्यास करणारी वर्गातली मुलगी पांढरा कोट घालून फोटो टाकत होती, आणि घरी येणारा प्रत्येक जण "आता पुढे काय ठरवलंय?" असं विचारून माझा जीव खात होता. अप्पांनी एकच वर्ष दिलं होतं. पुन्हा नाही जमलं तर साधं बीएस्सी करायचं आणि मावशीनं आणलेल्या स्थळाचा विचार करायचा.

पहिल्याच आठवड्यात माझा पंचनामा झाला. 'खालीलपैकी कोणते विधान चुकीचे आहे' असा प्रश्न होता आणि मी छानपैकी बरोबर विधानावर खूण केली होती. तेही एकदा नाही, सबंध पेपरभर.

"का?" अक्कांनी विचारलं.

"प्रश्न पुरता वाचला नाही."

"ते मलाही दिसतंय. का वाचला नाहीस?"

"घाई झाली."

"वेळ उरला होता म्हणालीस ना तू? मग घाई कसली? स्वल्प विचार कर, पुट्टी."

स्वल्प म्हणजे जरा, पुट्टी म्हणजे छोटी. एकोणीस वर्षांच्या घोडीला त्या पुट्टी म्हणायच्या. मी रडकुंडीला आले तरी त्या हलल्या नाहीत. मग मधेच त्यांनी विचारलं, "घरात तू कितवी?" मी म्हटलं, तीन भावांवर धाकटी. आणि बोलता बोलता माझं मलाच उमगलं, की आमच्या घरात मला बोलायला मिळायचं ते कुणाचं तरी वाक्य तोडूनच. समोरचा काय म्हणणार हे आधीच ओळखून मी बोलून टाकायचे. घरी त्याचं कौतुक व्हायचं. परीक्षेच्या पेपरचंही मी वाक्यच तोडत होते.

"सरी," अक्का म्हणाल्या. सरी म्हणजे कन्नडमध्ये बरोबर, आणि हा त्यांचा शिक्का. बरोबर उत्तराला त्या कधी सरी म्हणाल्या नाहीत. चुकीमागचं खरं कारण सापडलं की मगच म्हणायच्या. "आता प्रश्न संपेपर्यंत जीभ दाताखाली धरायची. खरोखर धरायची हां, मनातल्या मनात नाही."

मी धरायला लागले. हसू येईल, पण माझे मार्क तिथून चढले.

रिपीटरच्या घराचा एक रिवाज असतो, तो ज्याच्या घरी रिपीटर आहे त्यालाच माहीत. सगळं काही 'परीक्षेनंतर'. आमच्याकडे टीव्ही बंद झाला, गणपतीला कुणाला बोलावलं नाही, थोरल्या भावाचा साखरपुडा पुढे ढकलला. अप्पांचा हर्निया दुखत होता, ते कमरेला पट्टा बांधून मशीनवर बसायचे आणि आईनं टोकलं की म्हणायचे, "हिची परीक्षा होऊ दे." अक्कांकडे हा रिवाज आमच्याहून कडक. दारावर कुणीही आलं, नातेवाईक, वर्गणीवाले, भिंतींना रंग द्यायचा का विचारायला आलेला घरमालक, की आतूनच आवाज यायचा, "परीक्षेनंतर या!" आम्ही खुसखुसायचो. अक्काही हसायच्या.

रिपीटरच का, हे मी एकदा त्यांना विचारलं. वांगीबातचा डबा उघडत त्या सहज म्हणाल्या, "मला एकदाच बसू दिलं होतं गं. थोडक्यात गेली सीट. वडील म्हणाले, पुरे झालं. पुन्हा बसले असते तर मिळाली असती की नसती, ते आता कळायचं नाही." एवढं बोलून त्यांनी अर्धा वांगीबात माझ्या ताटलीत वाढला आणि मूत्रपिंडाचा धडा काढायला सांगितला.

संक्रांत झाली आणि अक्कांनी फळ्यावर लिहिणं सोडलं. "आता तुम्ही लिहा, मी बघते," म्हणाल्या. आम्हाला वाटलं, ही शिकवायची नवी तऱ्हा. मग उजव्या मनगटावरचं घड्याळ डाव्या हातात आलं. मग एक दिवस त्यांनी माझ्याकडे दोन ब्लाऊज दिले, अप्पांकडून सैल करून आण म्हणून. अप्पांनी ते उलटसुलट करून बघितले. "दोन्ही बाह्या ना?" त्यांनी विचारलं. मी अक्कांना फोन केला. त्या म्हणाल्या, "एकच. उजवी. काखेतही सोडा थोडं."

त्याच आठवड्यात आमचा लसिकेचा, म्हणजे लिम्फचा, धडा झाला होता. गाठी कुठे कुठे असतात, वाट अडली की हात कसा सुजतो, हे मला अक्कांनीच शिकवलं होतं, त्यांच्याच आवाजात. ते ब्लाऊज हातात धरून मी दुकानात तशीच उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी सगळे गेल्यावर मी थांबले. "अक्का, छातीत गाठ आहे ना?"

त्यांनी नाही म्हटलं नाही. पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "आहे. परीक्षेनंतर."

"परीक्षेनंतर? अक्का, तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला, गाठ पसरते म्हणून!"

"शिकवलं. लक्षात ठेवलंस, चांगलं केलंस. आता घरी जा आणि वनस्पतींचं वर्गीकरण कर, त्यात तू कच्ची आहेस."

मी तडक दुकानात जाऊन अप्पांना सांगितलं. अप्पा त्यांच्या घरी गेले, हात जोडले, मीच बरोबर येतो म्हणाले. दोन दिवसांनी अक्कांनी आम्हाला सांगितलं, दाखवून आले, गोळ्या चालू आहेत, ऑपरेशन मे महिन्यात करू म्हणाले डॉक्टर. टेबलावर खरंच गोळ्यांची पाकिटं होती. आम्ही सुटकेचा निःश्वास सोडला. त्या गोळ्या नुसत्या दुखणं मारायच्या होत्या आणि अक्का कुठल्याही डॉक्टरकडे गेल्या नव्हत्या, हे नंतर कळलं. आयुष्यभर खऱ्याचा पाठपुरावा केलेली बाई इतकं सफाईदार खोटं बोलेल, असं कुणाच्या मनात येणार?

उन्हाळा चढला तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. पाठीला उशी लावून, भिंतीला टेकून त्या बसायच्या. मधेच पाठ हातानं दाबून धरायच्या. वास येऊ नये म्हणून खोलीत उदबत्ती जळायला लागली. पंचनामा मात्र एका दिवसाचाही चुकला नाही. आवाज खोल गेला होता, तरी "का?" तसाच यायचा, टोचून.

परीक्षा रविवारी झाली. पेपर बरा गेला. सोमवारी सकाळी पेपरचा पंचनामा करायला मी त्यांच्याकडे गेले, तर अक्का इस्त्रीची साडी नेसून, पिशवी भरून दारातच बसलेल्या. "चल," म्हणाल्या, "आता माझं." रिक्षाच्या प्रत्येक खड्ड्याला त्या माझं मनगट आवळत होत्या.

हॉस्पिटलमधल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पदर बाजूला करून बघितलं. मीही बघितलं. ते इथे लिहिणार नाही. मग त्या इंग्रजीतून, कन्नडमधून ताडताड बोलल्या. तुम्ही प्राणिशास्त्राच्या लेक्चरर ना? शिकलेल्या बाईनं असं करायचं? हा शुद्ध निष्काळजीपणा आहे. अक्का शाळकरी मुलीसारख्या खाली मान घालून ऐकत होत्या. गाठ हाडांत गेली होती, पाठीच्या कण्यात. करण्यासारखं फार काही उरलेलं नव्हतं.

मला त्यांचा भयंकर राग आला होता. अजून येतो. आम्हाला शिकवायचं म्हणून मरताय ना, असं ओरडावंसं वाटायचं, आणि त्यांच्या पायांना तेल चोळताना नेमकं रडू यायचं. आई डबा करायची, मी रोज घेऊन जायचे. एका दुपारी त्यांना जरा हुशारी वाटत होती. म्हणाल्या, "पुट्टी, ती डॉक्टर मला केअरलेस म्हणाली. तू म्हणशील?"

"नाही."

"मग कर पंचनामा. मला ते बरोबर का वाटलं?"

"अक्का, नको ना आता."

"का नको? एवढ्या पोरांचे केले, माझाच कुणी करायचा नाही?"

मी म्हटलं, "तुम्हाला भीती वाटली."

"भीती सगळ्यांना वाटते. पुढे."

"आमचं वर्ष बुडू नये म्हणून."

"ऐकायला बरं वाटतं. पण सुट्टी घेऊन उपचार केले असते तरी तुम्ही शिकला असतात कुठेतरी. पुढे."

त्यांचा सुजलेला हात उशीवर होता. मला तो अर्धा वांगीबात आठवला, आणि त्या दिवशीचं त्यांचं बोलणं.

"तुम्हाला दुसऱ्यांदा बसू दिलं नव्हतं," मी म्हटलं. "म्हणून तुम्ही दर वर्षी आमच्याबरोबर बसत होतात. आम्ही दुसऱ्यांदा बसून सुटलो, तुम्ही दर वर्षी. आणि हॉलमधून पेपर अर्धा टाकून कुणी उठत नाही. तुम्हाला उठताच येत नव्हतं."

अक्का पंख्याकडे बघत होत्या. डोळ्यांच्या कडेनं पाणी कानापर्यंत गेलं, ते त्यांनी पुसलं नाही. मग म्हणाल्या, "सरी." आणि थोड्या वेळानं, "एवढ्यासाठी मरायचं म्हणजे फारच झालं, नाही?" मी त्यांचा हात धरून बसले.

निकाल लागला तेव्हा त्या शुद्धीवर नव्हत्या. मी कानाशी वाकून सांगितलं, सीट मिळेल म्हणून, सरकारी मिळेल. ऐकू गेलं का, माहीत नाही. दोन दिवसांनी त्या गेल्या. अप्पांनी आणि तीन रिपीटरांनी खांदा दिला. घरी आल्यावर मी अप्पांसाठी आंघोळीचं पाणी काढलं आणि त्यांना म्हटलं, उद्या सकाळी आपण हर्निया दाखवायला जातोय. ते म्हणाले, "तुझी अ‍ॅडमिशन होऊ दे, मग..." मी त्यांच्यावर इतक्या जोरात ओरडले, की आई स्वयंपाकघरातून धावत आली. त्यांचं ऑपरेशन झालं आणि मगच मी बॅग भरली.

आता मी तिसऱ्या वर्षाला आहे, शहरापासून दूरच्या एका सरकारी कॉलेजात. मागच्या महिन्यात वॉर्डात एक बाई आली. तीच गाठ, तोच उशीर. राउंडला सर कन्नडमधून तिच्यावर कडाडले, इतके दिवस काय झोपली होतीस का? ती म्हणाली, "चुकलं सर, लक्षच दिलं नाही." सगळे पुढच्या खाटेकडे गेले. मी तिच्याजवळ स्टूल ओढलं.

"अक्का," मी म्हटलं, "लक्ष दिलं नाही, हे काही खरं नाही. गाठ हाताला लागली तेव्हा तुम्हाला काय वाटलं होतं?"

तिनं आधी इकडेतिकडे बघितलं. मग हळूहळू सांगितलं. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं. आई आजारी आहे असं कळलं असतं तर सासरच्यांनी पाठवलंच नसतं तिला, आणि तिकडे तिचे हाल होते.

"सरी," मी म्हणाले.

तिनं माझं मनगट धरलं. म्हणाली, आणखी एक आहे, मघाशी मोठ्या डॉक्टरांना सांगितलं नाही, ते आणखी ओरडले असते. रात्री पाठ दुखते, मधोमध, कुणी आतून खिळा ठोकावा तशी. त्याचा अर्थ काय ते मला कळलं, वाक्य संपायच्या आधीच कळलं. मी जीभ दाताखाली धरली आणि तिला पुरतं बोलू दिलं.